एरी सरोवराचं पाणी कोण मोजतं?

‘सरोवर एक, तर मापदंडही एकच.’ अमेरिका आणि कॅनडा यांच्यात वाटल्या गेलेल्या एरी सरोवरात हा समज पहिल्याच आकड्याला बुडतो. दोन्ही देशांच्या पाणी-गुणवत्ता करारात फॉस्फरसची अंतरिम पातळी एरीच्या उथळ पश्चिम भागासाठी लिटरला 15 मायक्रोग्रॅम आहे, तर मध्य आणि पूर्व भागांसाठी 10. वरच्या अंगाच्या थंड, खोल सुपीरियर सरोवरासाठी ती जेमतेम 5 आहे. सरहद्द एरीला लांबीत चिरते, मापदंड मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे बदलतात. पाण्याला पासपोर्ट नसतो, खोली असते.

‘मर्यादा ओलांडली की दोन्ही देशांचा संयुक्त आयोग दंड ठोकतो’ हेही खरं नाही. 1909च्या सीमाजल करारातून जन्मलेला हा आयोग प्रदूषणाच्या बाबतीत अभ्यास करतो, अहवाल देतो, शिफारशी करतो. बडगा ज्याच्या त्याच्या देशातल्या कायद्याकडे. आणि अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्यात शहरी सांडपाण्याला परवाना लागतो. शेतातून पावसाबरोबर वाहून जाणाऱ्या खताला बहुतांशी लागत नाही. सगळी गोम इथेच आहे.

कारण ‘1972च्या पाणी-गुणवत्ता करारानं प्रश्न सुटला’ हे अर्धसत्य आहे. मोठ्या सांडपाणी केंद्रांना लिटरला 1 मिलिग्रॅमची मर्यादा आली, कपडे धुण्याच्या पावडरींतला फॉस्फेट घटला, एरीत वर्षाला 11,000 टनांहून जास्त फॉस्फरस जाऊ नये असं पुढे ठरलं. फॉस्फरसवर पोसलेलं शेवाळ हटलंही. मग 1990च्या दशकाच्या मध्यापासून ते परतलं. एकूण फॉस्फरसचा आकडा फारसा वाढला नव्हता. वाढला होता त्यातला विरघळलेला भाग, जो शेवाळ थेट शोषून घेतं. वजन बरोबर होतं, तराजू चुकीचा होता.

ऑगस्ट 2014मध्ये एरीकाठच्या टोलेडो शहरात नळाच्या पाण्यात शेवाळी विष आलं आणि सुमारे चार लाख लोकांना पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. इथे एक घरगुती गैरसमज जीवघेणा ठरू शकतो: पाणी उकळलं की झालं. उकळण्यानं हे विष मरत नाही; पाणी आटतं आणि विष दाट होतं.

2016मध्ये दोन्ही देशांनी 2008च्या तुलनेत फॉस्फरसमध्ये 40 टक्के घट ठरवली. टोलेडोजवळ सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीसाठी तर वसंतात वाहून येणारा विरघळलेला फॉस्फरस वेगळा मोजायचा, हेही त्यात आलं.