दोन पडद्यांपैकी एक अंधारला असता

व्यापारी पेढीवर संगणक आला त्यास आता बराच काळ लोटला. रोजमेळ, खतावणी ही नावे कायम राहिली. परंतु त्यांचे स्थान लाल कापडाच्या चोपडीतून काचेच्या पडद्यावर गेले. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालवाहतुकीसाठी ई-वे बिलाची पद्धत अंमलात आली. तेव्हापासून तर संगणकावाचून व्यवहार चालणेच कठीण झाले. एका पडद्यावर हिशेब उघडा ठेवावा आणि दुसऱ्यावर बाजारभाव, करखात्याचे संकेतस्थळ किंवा बँकेचा उतारा पाहावा, या सोयीसाठी बेळगावच्या रविवार पेठेसारख्या घाऊक बाजारांतही आता एका संगणकास दोन मॉनिटर जोडलेले दिसतात.

सोय जितकी मोठी, तितकीच ती मोडल्यावर होणारी अडचणही मोठी. ऐन घाईच्या वेळी दुसरा मॉनिटर काळा पडतो, त्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे उमटतात आणि पेढीवर गोंधळ उडतो. आमच्या परिचयाच्या एका पेढीवर अशा प्रसंगी जुना मॉनिटर निकामी झाला असे समजून नवा विकत आणला गेला. तोही काळाच राहिला. दोष निघाला तो केबलमध्ये. असा वायफळ खर्च कोणावरही येऊ नये आणि परक्याच्या हाती आपला संगणक सोपविण्याची वेळ शक्यतो टळावी, या हेतूने आम्ही हा विषय सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत. यासाठी यंत्रशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. मालाची तूट शोधून काढणारी दृष्टी पुरेशी आहे.

संकेताचा प्रवास

शंभर पोती वखारीतून निघाली आणि गिऱ्हाईकाकडे नव्व्याण्णव पोचली, तर आपण काय करतो? वखारीचा दरवाजा, हमालांची मोजणी, लॉरीतील भरणी आणि तेथील उतरणी असा एकेक हातबदल तपासतो. चित्राचा संकेतही असाच हातोहात जातो. संगणकातील चित्रयंत्रणा, म्हणजे ग्राफिक्सचा भाग, तो तयार करते; तेथून तो संगणकाच्या पाठीमागील खाचेत येतो; खाचेतून केबलमध्ये, केबलमधून मॉनिटरच्या खाचेत आणि शेवटी पडद्यावर पोचतो. दुसरा मॉनिटर सुरळीत चालत असेल, तर संगणक मूलतः ठीक आहे, एवढे निदान तत्क्षणी हाती लागते. तूट या पाच टप्प्यांपैकी एका टप्प्यावर शोधावयाची असते.

प्रथम काम सुरक्षित करावे

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी चालू पडद्यावरील नोंदी जतन कराव्यात. हिशेबाची खिडकी अंधारलेल्या पडद्यावर अडकली असेल, तर खालच्या पट्टीवरील तिच्या चिन्हावर एकदा टिचकी मारावी आणि विंडोज व शिफ्ट या कळा दाबून धरून डावा अथवा उजवा बाण दाबावा. खिडकी दुसऱ्या पडद्यावर सरकते. ज्या मालास ई-वे बिल लागते त्याची लॉरी दारात उभी असेल, तर ते काम एकाच पडद्यावर आधी उरकावे. दुसरा पडदा ही सोय आहे. ती नसली म्हणून व्यवहार थांबविण्याचे कारण नाही.

मॉनिटर काय सांगतो?

आता मॉनिटरचा दिवा पाहावा. दिवा मुळीच लागत नसेल, तर प्रश्न संकेताचा नसून विजेचा आहे. भिंतीवरील बटण, मॉनिटरची वीजवाहिनी आणि बाहेरचा छोटा अडॅप्टर असल्यास तो, यांची तपासणी करावी. पुष्कळ ठिकाणी संगणक व पहिला मॉनिटर यूपीएसवर असतात आणि नंतर आलेला दुसरा मॉनिटर साध्या बोर्डावर जोडलेला असतो. वीज क्षणभर गेली की तेवढाच बंद पडतो, आणि दोष मात्र संगणकाच्या माथी येतो.

दिवा लागला असून ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे आली, तर मॉनिटर जिवंत आहे, पण त्याच्या दारी संकेत आलेला नाही. ‘आउट ऑफ रेंज’ असे आले, तर संकेत आला आहे, परंतु तो मॉनिटरला झेपणारा नाही. म्हणजे चित्राचे रेखांकन अथवा त्याची गती प्रमाणाबाहेर ठेवली गेली आहे, आणि ती संगणकाच्या डिस्प्ले या सदरात कमी करावी लागते. हे दोन संदेश सारखेच समजल्याने पुष्कळ वेळ फुकट जातो.

क्रमाने करावयाची तपासणी

पहिली पायरी मॉनिटरच्या बटणांची. मॉनिटरला पाठीमागे अनेक खाचा असतात आणि त्यांपैकी कोणत्या खाचेकडे लक्ष द्यावयाचे हे ‘इनपुट’ किंवा ‘सोर्स’ या बटणाने ठरते. केबल एचडीएमआय खाचेत आणि मॉनिटर व्हीजीए खाचेकडे डोळे लावून बसलेला, असे वारंवार घडते. पुसतापुसता बटण दाबले गेले तरी हा प्रकार होतो.

दुसरी पायरी केबलची. संगणक व मॉनिटर दोन्ही बंद करून केबल दोन्ही टोकांना काढावी आणि नीट, शेवटपर्यंत बसवावी. व्हीजीएच्या टोकाला दोन स्क्रू असतात, ते हातानेच आवळावे. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बहुधा एक खिटी असते. ती दाबल्याशिवाय केबल ओढू नये, अन्यथा खाच मोडते. टोकातील एखादी सुई वाकलेली आहे काय, हेही उजेडात पाहावे.

तिसरी पायरी विश्रांतीची. मॉनिटरची वीजवाहिनी भिंतीतून काढून एक-दोन मिनिटे तशीच ठेवावी आणि मग पुन्हा लावावी. मॉनिटरच्या आतही एक लहानसा संगणकच असतो. तो अडकला असेल तर केवळ बटण बंद-चालू करून सुटत नाही, वीज पूर्ण तुटावी लागते.

चौथी पायरी संगणकाच्या आज्ञांची. विंडोज कळ दाबून धरून पी दाबले असता चार पर्याय येतात. त्यांतील ‘एक्सटेंड’ निवडावा. ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ हा पर्याय चुकून निवडला गेला असेल, तर दुसरा पडदा काळाच राहणार. त्यानेही न भागल्यास विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्या. पडदा क्षणभर मिचकतो आणि चित्रयंत्रणा नव्याने सुरू होते. उघडी कामे त्याने बंद होत नाहीत. शेवटी सेटिंग्जमधील सिस्टम व त्यातील डिस्प्ले या सदरात ‘डिटेक्ट’ दाबून संगणकास दुसरा मॉनिटर शोधावयास लावावा.

अदलाबदलीची कसोटी

एवढ्याने दोष न गेल्यास अदलाबदल करावी. ही सर्वांत विश्वासार्ह कसोटी होय. नियम एकच: एका वेळी एकच वस्तू बदलावी. दोन काट्यांपैकी कोणता खोटा हे पाहताना आपण वजने व काटा एकदम बदलीत नाही, तसेच हे.

प्रथम चालू मॉनिटरची केबल काढून बंद मॉनिटरला लावावी. संगणकाकडील टोकास हात लावू नये. बंद मॉनिटर चालू झाला, तर तो निर्दोष ठरला. मग त्याची मूळ केबल त्याच चांगल्या खाचेत लावून पाहावी. चित्र गेले तर केबल दोषी. चित्र टिकले तर तिची मूळ खाच अथवा तिच्यामागील चित्रयंत्रणा दोषी. उलट, चांगली केबल व चांगली खाच मिळूनही मॉनिटर काळाच राहिला, तर दोष मॉनिटरचाच. दोन्ही मॉनिटरच्या खाचा भिन्न जातीच्या असल्यास शेजारच्या पेढीवरून तशी केबल तासभर मागून आणावी. नवी वस्तू या कसोटीनंतरच खरेदी करावी.

खाचांच्या जाती

केबल घेताना नाव पाहून घ्यावे. पंधरा सुयांचे व्हीजीए १९८७ साली आयबीएम कंपनीने आणले. डीव्हीआय १९९९ सालचे. एचडीएमआयचे पहिले मानक २००२ सालचे आणि डिस्प्लेपोर्टचे २००६ सालचे. नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी ही लहान लंबगोल खाच असते. पण अशी प्रत्येक खाच चित्र वाहून नेतेच असे नाही, काही केवळ वीज व माहितीपुरत्या असतात.

जोडतुकड्यांबाबतही सावधगिरी हवी. संगणकाचे डिस्प्लेपोर्ट मॉनिटरच्या एचडीएमआयला जोडणारा स्वस्त तुकडा उलट दिशेने चालत नाही. संगणकाकडे एचडीएमआय व मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट असेल, तर संकेताचे रूपांतर करणारे निराळे साधन लागते. तसेच संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बसविले असेल, तर मूळ बोर्डावरील चित्राच्या खाचा पुष्कळदा आपोआप बंद होतात. दुरुस्तीनंतर संगणक परत आला आणि दुसरा मॉनिटर लागेनासा झाला, तर केबल वरच्या बोर्डाच्या खाचेत लावली गेली नाही ना, हे प्रथम पाहावे. ती कार्डाच्या खाचेत हवी.

वखारीच्या शेजारचा संगणक

धान्याच्या व्यापाऱ्याने आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. आपल्या पेढ्या वखारीस लागून असतात. कोंडा, तूस आणि तागाची धूळ खाचांत साठते व सुयांची भेट होऊ देत नाही. वापरात नसलेल्या खाचा झाकून ठेवाव्या. उंदीर केबल कुरतडतात. त्यांच्या जिवावर उठण्यापेक्षा केबल कठीण नळीतून नेणे अधिक योग्य आणि अधिक टिकाऊ. पावसाळ्यातील दमट हवेने उघड्या सुया गंजतात.

सर्वांत गंभीर बाब कीडनाशक धुरीची आहे. साठ्यातील किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून ओलाव्याने फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. तो मनुष्यास जीवघेणा आहेच. शिवाय तांबे, पितळ, चांदी आणि सोने या धातूंनाही तो खातो. संगणकाचे जोड नेमके याच धातूंचे असतात. ज्या वखारीत असे काम होते तेथून संगणक, मॉनिटर आणि केबल्स आधीच दूर हलवाव्या. हे काम अधिकृत परवानाधारक तज्ज्ञांकडूनच करवावे आणि त्यांनी जागा निर्धोक ठरविल्यावाचून आत पाऊल टाकू नये. धुरीनंतर काही आठवड्यांनी मॉनिटर अधूनमधून मिचकू लागला, तर जोड काळवंडले आहेत काय हे अवश्य पाहावे.

कारागिरास केव्हा बोलवावे?

खाच ढिली झाली असेल, कार्ड तापून वास येत असेल किंवा अदलाबदलीत मॉनिटरच दोषी ठरला असेल, तर आपण पेचकस हाती घेऊ नये. मॉनिटर बंद केल्यावरही त्याच्या आत काही काळ वीज साठून राहते. ओळखीचा कारागीर पेढीवर बोलवावा आणि केलेल्या तपासणीची हकीकत त्यास सांगावी. त्याचा वेळ वाचतो आणि आपला पैसाही.

मात्र घाईने संगणकावर मदतीचा दूरध्वनी क्रमांक शोधून अनोळखी माणसास फोन करू नये. असे क्रमांक पुष्कळदा ठकांनी पेरलेले असतात. दुरून पडदा पाहू देणारे साधन संगणकात घालावयास ते सांगतात, आणि दुरुस्तीच्या मिषाने बँकेचे खाते रिकामे होते. काळा पडदा दुरून कोणास दिसत नाही, केबल दुरून कोणास बसविता येत नाही. एवढे लक्षात ठेवले तरी अशा भूलथापांतील फोलपणा उमजतो. दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेस कळवावे.

वरील पायऱ्या एका कागदावर लिहून संगणकाच्या बाजूस चिकटवून ठेवाव्या, असे आमचे सुचविणे आहे. दिवा, इनपुट, केबल, वीज, आज्ञा आणि अदलाबदल, हा क्रम पेढीवरील दिवाणजीपासून नव्या मुलापर्यंत सर्वांस ठाऊक असावा. मालक गावी गेला असताना दिवाणजीस आणि दिवाणजी रजेवर असताना मुलास हे काम करता आले, म्हणजे पेढी कोणा एकाच्या ज्ञानावर अडून राहत नाही. दुकानाची किल्ली जशी दोघांजवळ असते, तशीच ही माहितीही दोघांजवळ असावी, इतकेच आमचे मागणे आहे.