अनुभव नाही म्हणून मागे फिरू नका
हिशेबाच्या पहिल्या नोकरीविषयी जुन्नर-आंबेगावच्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी

निकाल लागतो. बी.कॉम. झाल्याचे पेढे वस्तीत वाटले जातात. बाप बाजार समितीत हमाली करतो, आई दुसऱ्याच्या मळ्यात टोमॅटो तोडायला जाते. घरातली ही पहिलीच पदवी असते. आठ दिवसांनी गुणपत्रिकेच्या झेरॉक्स पिशवीत घालून मुलगा किंवा मुलगी घराबाहेर पडते. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, जुन्नर अशी पायपीट सुरू होते. पतसंस्था झाली, आडत झाली, खत-औषधांचे दुकान झाले, कर सल्लागाराचे ऑफिस झाले. सगळीकडे एकच प्रश्न : "अनुभव किती?"

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. सहा महिने असे गेले की मुलगा पिकअपवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागतो आणि मुलीसाठी स्थळे पाहायला सुरुवात होते. पदवी भिंतीवर राहते. आधीच दिवस मंदीचे आहेत. २०१६ ची नोटाबंदी आणि २०२० ची टाळेबंदी यांनी छोट्या व्यापाऱ्याचे कंबरडे मोडले. संगणक आल्यापासून चार कारकुनांचे काम एकजण करतो. सरकारी कारकुनाच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि खाजगी नोकरीत आपल्याला राखीव जागा नाहीत. ही कोंडी फोडायची कशी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

बाबासाहेबांची नोकरी हिशेबाचीच

हे आपल्याच मुलांच्या वाट्याला आले आहे असे कोणी समजू नये. १९१७ साली विलायतेहून परतलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तेथे त्यांची उमेदवार म्हणून नेमणूक झाली ती अकाउंटंट जनरलच्या कचेरीत, म्हणजे हिशेबाच्याच खात्यात. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आपली ओळख लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ही हकिगत त्यांनी स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली आहे.

नोकरी सोडून ते मुंबईला परतले. संसार चालवायचा होता. त्यांनी खाजगी शिकवण्या घेतल्या, हिशेबनिसाचे काम केले, शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि तो व्यवसाय बंद पडला. त्यानंतर १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पुढे १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. हिशेबाच्या कचेरीतून ज्यांना बाहेर पडावे लागले, तेच काही वर्षांनी हिशेबनीस घडविणाऱ्या संस्थेत शिकवीत होते.

बाबासाहेबांपाशी ज्ञानाची कमतरता नव्हती. अडचण होती ती समोरच्याच्या मनातल्या विश्वासाची. तीच गोष्ट आज वेगळ्या रूपाने आपल्या मुलांपुढे उभी राहते.

अनुभव म्हणजे नेमके काय?

हिशेबाचे काम इतर कामांसारखे नाही. हिशेबनिसाला मालकाची शिल्लक कळते, उधारी कळते, कोणाचे किती देणे थकले आहे हे कळते. कधी गल्ल्याची किल्लीही त्याच्या हाती असते. म्हणून मालक आधी आपल्या भाच्याला विचारतो, मग मित्राच्या मुलाला, मग सोसायटीच्या चेअरमनने चिठ्ठी दिलेल्याला. भाच्यालाही अनुभव नसतो. पण त्याला तो प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणजे ‘अनुभव किती?’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो : ‘तुझ्याबद्दल खात्री देणारे कोण आहे?’ आपल्या मुलाचा मामा आडत्या नसतो आणि आत्या पतसंस्थेची संचालक नसते. त्याची खरी अडचण येथे आहे.

याच जुन्नरच्या डोंगरांत, आपण वंदनेला जातो त्या बौद्ध लेण्यांत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख कोरलेले आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यांत आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून गुंतविल्याची नोंद आहे. बांबू सोलणाऱ्या कष्टकऱ्यांच्या संघटनेवर विश्वास ठेवून धर्मकार्याचा पैसा तिच्या हवाली केला जात होता आणि त्याचा हिशेब दगडावर कोरला जात होता. कष्टकऱ्याच्या हाती पैसा सोपविणे या भूमीला नवे नाही. तो विश्वास आज पुन्हा मिळवायचा आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच वस्तीतून होऊ शकते.

पहिली वही आपल्या विहाराची

प्रत्येक गावात आपली विहार समिती आहे, जयंती उत्सव समिती आहे, महिलांचे बचत गट आहेत. वर्गणी गोळा होते, खर्च होतो. हिशेब मात्र पुष्कळदा एखाद्या कार्यकर्त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर असतो. त्यातून संशय, रुसवे आणि गटबाजी होते. घरात बी.कॉम. झालेले मूल बसून आहे आणि समितीची वही कोरी आहे, हे दोन्ही एकदम दुरुस्त करता येईल.

समितीने ठराव करून हिशेब लिहिण्याचे काम त्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे. तिने पावती पुस्तकाप्रमाणे जमा लिहावी, प्रत्येक खर्चाचे व्हाउचर करावे, रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि वर्षअखेरचा जमाखर्च तयार करावा. बँकेत खाते असेल तर पासबुकाशी दर महिन्याला जुळवणी करावी. हेच टॅलीमध्येही भरावे.

समजा, जयंतीची वर्गणी ४२,५०० रुपये जमली. मंडप १२,०००, ध्वनिक्षेपक ९,५००, भोजनदान १४,३०० आणि मुलांच्या वह्या-पुस्तके ३,२०० असा ३९,००० रुपये खर्च झाला. शिल्लक ३,५०० हवी. पेटीत निघाले ३,२००. हे ३०० रुपये कोठे गेले? शिकाऊ हिशेबनीस घाबरून खिशातून ३०० घालतो किंवा भोजनाचा खर्च ३०० ने फुगवतो. खरा हिशेबनीस फरक आहे तसा लिहितो, पावत्या पुन्हा तपासतो, राहिलेले व्हाउचर शोधतो आणि सापडले नाही तर बैठकीत तसे सांगतो. हा धडा कोणत्याही कॉलेजात मिळत नाही. पंचशीलातील न दिलेले न घेणे आणि खोटे न बोलणे ही दोन शीले हिशेबाच्या वहीत रोज पाळावी लागतात.

वर्षभराचे काम झाल्यावर समितीच्या अध्यक्ष-सचिवांनी सही-शिक्क्याचे पत्र द्यावे. त्यात कोणत्या वह्या लिहिल्या आणि किती महिने लिहिल्या हे स्पष्ट असावे. केलेले नाही ते कृपा करून लिहू नये. जोडीला वस्तीतल्या एखाद्या किराणा दुकानदाराचा किंवा पिठाच्या गिरणीचा तीन महिन्यांचा हिशेब लिहून द्यावा. अशी वही हातात असली म्हणजे ‘अनुभव नाही’ असे म्हणावे लागत नाही.

कोठे जावे, केव्हा जावे?

आपल्या दोन्ही तालुक्यांत हिशेबाचे काम कमी नाही. नारायणगावचा टोमॅटो बाजार, ओतूरचा कांदा, मंचरची बाजार समिती यांच्याभोवती आडती आहेत. तेथे शेतकऱ्याच्या पट्ट्या करायला, उधारी लिहायला माणूस लागतो. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आहेत, दूध संस्था आहेत, पतसंस्था आहेत. पेट्रोल पंप, दवाखाने, पोल्ट्रीवाले यांनाही हिशेब ठेवावाच लागतो. थोडे लांब जायची तयारी असेल तर चाकण आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदारांची ऑफिसे आहेत.

परंतु नवख्याने पहिला दरवाजा ठोठवावा तो कर सल्लागाराचा किंवा सी.ए.चा. पगार कमी असतो. पण वर्षभरात वीस-पंचवीस धंद्यांचे हिशेब हाताखालून जातात. जाण्याची वेळही साधावी. मार्चअखेर हिशेबाचे वर्ष संपते. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण जुलैअखेरपर्यंत आणि वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायची असते. प्राप्तिकराची विवरणपत्रेही याच काळात भरली जातात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये या ऑफिसांत माणसाची गरज असते. दिवाळीत जाऊन नकार आला तर नाउमेद होऊ नये, फेब्रुवारीत पुन्हा जावे.

जी.एस.टी. २०१७ च्या जुलैपासून लागू झाला. त्याची दरमहा विवरणपत्रे भरणाऱ्या व्यापाऱ्याला ११ आणि २० या तारखा पाळाव्या लागतात. कापलेला टी.डी.एस. ७ तारखेपर्यंत आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम १५ तारखेपर्यंत भरायची असते. या चार तारखा ज्या उमेदवाराला पाठ आहेत, त्याला काम समजते हे मालकाच्या लगेच ध्यानात येते.

समोर बसल्यावर काय बोलावे?

"अनुभव नाही, पण शिकेन" एवढेच बोलून गप्प बसू नये. खोटा अनुभवही सांगू नये. दोन प्रश्नांत तो उघडा पडतो. सरळ म्हणावे, "साहेब, पगारी नोकरी केलेली नाही. परंतु एका संस्थेचा आणि एका दुकानाचा हिशेब लिहिला आहे. वही आणली आहे. आपण एका महिन्याची व्हाउचर्स द्या, मी येथेच बसून नोंदी करून दाखवितो." नकार आला तरी, काय शिकून यावे, एवढे विचारून उठावे.

काही मालक आडनाव विचारतात, गाव विचारतात, मग वस्ती विचारतात. त्या प्रश्नाचा अर्थ आपल्याला कळतो. उत्तर खाली मान घालून देऊ नये आणि आडनाव बदलूनही सांगू नये. जेथे ओळख लपवून बसावे लागेल तेथली नोकरी टिकत नाही.

सावध राहावे अशा गोष्टी

नोकरीसाठी डिपॉझिट किंवा ‘ट्रेनिंग फी’ मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवू नका. दाखवा आणि परत घ्या. बिनपगारी शिकायचे असेल तर मुदत आधी ठरवा आणि ती महिन्याच्या वर नको. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. न पाहिलेल्या शिलकेवर सही करू नका. अफरातफर उघडकीस येते तेव्हा कागदावर सही असलेला गरीब कारकून आधी सापडतो. अशी नोकरी सुटली तरी चालेल, सम्यक आजीविका सुटता कामा नये.

आईवडिलांनाही एक विनंती आहे. पहिला पगार मजुरीपेक्षाही कमी वाटेल. "एवढे शिकून एवढेच?" असे म्हणू नका. एक वर्षाची मुदत द्या. मुलगी असेल तर ऑफिस सुटण्याची आणि शेवटच्या एस.टी.ची वेळ आधी पाहून घ्या, पहिल्या दिवशी सोबत जा. परंतु अडचण आहे म्हणून तिला घरी बसवू नका.

शिक्षण थांबवू नका

सहकाराच्या या पट्ट्यात जी.डी.सी. अँड ए. ही शासनाच्या सहकार खात्याची पदविका फार उपयोगी आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ही परीक्षा देता येते. साधारणतः मे महिन्यात ती होते आणि लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकार कायदा असे सहा पेपर असतात. पतसंस्था आणि सोसायट्यांत या पदविकेला मान आहे आणि पुढे लेखापरीक्षक होण्याची वाटही तिच्यातून जाते. पुण्याची ‘बार्टी’ ही संस्था अनुसूचित जातींच्या मुलांना बँक आणि इतर स्पर्धा परीक्षांसाठी प्रशिक्षण देते. तेथे चौकशी करावी. नोकरी करीत असतानाच सकाळी दोन तास अभ्यास होऊ शकतो.

ज्यांची नोकरी लागली त्यांनी

आपल्यातले काही बँकेत आहेत, जिल्हा परिषदेत आहेत, एस.टी.त आहेत, शाळांच्या ऑफिसांत आहेत. पुष्कळसे निवृत्तही झाले आहेत. अशा प्रत्येकाने गावातल्या एका मुलाला किंवा मुलीला रविवारी विहारात दोन तास घेऊन बसावे. जमा-नावे शिकवावे, अर्ज तपासावा आणि ओळखीच्या एका ऑफिसात सोबत जाऊन म्हणावे, "हिला मी ओळखतो. हिची वही मी पाहिली आहे." दुसऱ्यांच्या मुलांना मामा-काका जे देतात ते एवढेच असते. आपल्या मुलांसाठी ते समाजाने द्यायचे आहे.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर समितीने एक कोरी वही आणावी आणि वस्तीतल्या बी.कॉम. झालेल्या मुलीच्या हाती द्यावी. पहिल्या पानावर तिने त्या दिवसाची शिल्लक लिहावी. जय भीम.