कुलपाच्या पोटात काय असते?

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील कारखान्यांत कुलूप केवळ गोदामाच्या दाराला लागते असे नाही. यंत्राची दुरुस्ती चालू असताना विजेच्या मुख्य खटक्यालाही ते घातले जाते. तेथे ते मालाचे नव्हे, तर माणसाच्या हाताबोटांचे रक्षण करीत असते. हे रक्षण नेमके कशाच्या बळावर होते, हे एखादे टाकाऊ कुलूप खोलून पाहिल्यास सहज ध्यानात येते.

जुन्या धाटणीचे पितळी कुलूप लिव्हरचे असते. त्याच्या रिबिटांची डोकी कानशीने घासून काढली की वरचा पत्रा सुटतो. (आतल्या स्प्रिंगा उसळून उडतात, तेव्हा डोळे सांभाळावेत.) आत एका खिळीभोवती हलणाऱ्या पातळ पट्ट्यांची चळत दिसते. हेच लिव्हर. प्रत्येकाला एक खाच असते आणि कडी अडवून धरणाऱ्या दांड्याला एक खुंटी. किल्लीचा प्रत्येक दाता आपापला लिव्हर ठराविक उंचीपर्यंत उचलतो. सर्व खाचा एका रेषेत आल्या की खुंटी त्यांत शिरते, दांडा सरकतो आणि कडी मोकळी होते. लिव्हर कमी उचलला गेला तर खुंटी अडतेच, पण केसभर अधिक उचलला गेला तरीही अडते. या दुसऱ्या अटीतच खरी चतुराई आहे. १७७८ साली इंग्लंडमधील रॉबर्ट बॅरन याने ती प्रथम साधली. आपल्याकडे १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडल्यानंतर मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, ही हकीकत अनेकांना ठाऊक असेल.

दुसरा प्रकार पिनांचा. अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ साली त्याचे पेटंट घेतले. मात्र मूळ कल्पना प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांइतकी जुनी आहे. यात किल्ली एका फिरत्या नळकांड्यात शिरते. नळकांडे आणि बाहेरचे अंग या दोहोंतून आरपार भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांना दाबणारी स्प्रिंग असते. किल्ली नसताना एक पिन दोन्हीकडे अडकून नळकांड्याला फिरू देत नाही. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा बरोबर नळकांड्याच्या कडेवर येतो. पाच पिना आणि प्रत्येकीसाठी सहा उंच्या धरल्यास ७,७७६ निरनिराळ्या किल्ल्या संभवतात. प्रत्यक्षात घडणीच्या अडचणींमुळे त्यांतील काही वगळाव्या लागतात.

भोसरी-तळवड्यापासून चाकणपर्यंत वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांत पत्रा दाबणारी प्रेस-यंत्रे आहेत. त्यांच्या साच्यात हात असताना कोणी अजाणता बटण दाबले, तर काय होईल हे सांगावयास नको. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीने अशी तरतूद घालण्यात आली की, वीज तोडणारे जे साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकू शकते, ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असावी.

या कामासाठीच्या कुलपांत सामान्यतः एक विशेष असतो. कडी उघडी असेपर्यंत नळकांडे फिरलेल्या स्थितीतच राहते, पिना वर सरकू शकत नाहीत आणि किल्ली बाहेर निघत नाही. म्हणजे किल्ली ज्याच्या खिशात, त्याचे कुलूप लागलेलेच असणार! दुरुस्तीवर अनेकजण असल्यास बहुछिद्री आकडा लावून प्रत्येकाने त्यात आपले कुलूप अडकवावयाचे असते. शेवटचे कुलूप निघेपर्यंत खटका हलत नाही. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागली, तर मात्र ही सारी व्यवस्था व्यर्थ ठरते.

तथापि कुलूप वीज अडविते, गती नव्हे. यांत्रिक प्रेसचे जड चक्र वीज तोडल्यावरही काही काळ फिरत राहते, आणि वर थांबलेला दट्ट्या स्वतःच्या वजनानेही खाली येऊ शकतो. म्हणून चक्र थांबू द्यावे, दट्ट्याखाली भक्कम आधार द्यावा, कुलूप लावल्यावर चालू करण्याचे बटण एकदा दाबून यंत्र खरोखरच निर्जीव आहे याची खात्री करावी आणि मगच साच्यात हात घालावा. काम अपुरे असताना पाळी बदलली, तर नव्या कामगाराने आपले कुलूप आधी लावावे, त्यानंतरच जाणाऱ्याने आपले काढावे.