दुखत नाही, म्हणून काय झालं?

ब्रश करताना बेसिनमध्ये लालसर रेघ दिसते. नळ सोडला की ती वाहून जाते आणि आपण लेक्चरला पळतो. दुखत नाहीये ना, मग कशाला टेन्शन? नेमकी इथेच गडबड आहे. हिरड्यांचा आजार सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही.

तो किती पटकन होतो? हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या आरहूस इथे केलेला प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. १२ जणांनी दात घासणं बंद केलं. त्यातले बहुतेक डेंटलचेच विद्यार्थी! १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या बऱ्याही झाल्या.

दातांवरचा चिकट थर म्हणजे बॅक्टेरियाची वस्ती. तिच्याशी लढताना शरीर प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सोडतं. त्यामुळे वेदना जाणणाऱ्या नसा जास्त हळव्या होतात. एरवी ज्या स्पर्शाचं काही वाटत नाही, तोही मग झोंबू शकतो. बॅक्टेरिया या नसांना थेटही डिवचतात, हे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या आयझॅक च्यू आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं. अर्थात तो बॅक्टेरिया हिरड्यांचा नव्हता, गळू करणारा स्टॅफिलोकॉकस होता.

आजार वाढला, की हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. त्यातल्या बारीक नळ्यांमधला द्रव गार पाण्याने हलतो आणि सण्‌कन कळ जाते. सेन्सिटिव्हिटीची टूथपेस्ट ही कळ कमी करते, हिरडीचा आजार बरा करत नाही. टपरीवरची सिगारेट तर आणखी फसवते. तिच्यामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, आजार मात्र आत चालूच राहतो.

सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते. दाताला धरून ठेवणारं हाड झिजलं, तर ते आपोआप परत येत नाही. ‘क्लीनिंग केलं की दात हलतात’ असं घरी ऐकलंच असेल. खरं तर दात आधीच सैल झालेला असतो. साचलेला टार्टर निघाल्यावर ते फक्त कळतं.

तेव्हा रक्त दिसलं म्हणून घासणं टाळू नका. मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेपर्यंत, दिवसातून दोनदा घासा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डेंटिस्टकडे जा. दुखायची वाट बघू नका.