सहा महिने थांबा, मग सांगा

राळेगणसिद्धीच्या ग्रामसभेनं काय काय ठरवलं! दारू बंद, कुऱ्हाड बंद, मोकाट चराई बंद. पण ‘आमचं दोघांचं आता संपलं’ हे कोणती ग्रामसभा हात वर करून ठरवणार? ज्यांचं नातं, त्यांनाच धड कळत नाही. रात्री पक्कं ठरलेलं सकाळी चहाला डळमळतं.

तरी कोर्टात हे ठरतंच. कसं? त्यातली गंमत अशी, की राजीखुशीच्या घटस्फोटात कायदा ‘प्रेम उरलंय का?’ असं विचारतच नाही. ‘वेगळं व्हायचंय ना?’ हा एकच प्रश्न तो दोनदा विचारतो, मध्ये वेळ जाऊ देऊन!

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आधी समोरच्याचा दोष दाखवावा लागे. व्यभिचार, धर्मांतर, संन्यास. १९७६ मध्ये कलम १३-ब आलं. वर्षभर वेगळं राहा, दोघं मिळून अर्ज करा, मग सहा महिने थांबा आणि पुन्हा येऊन सांगा. राग आणि निर्णय दिसायला सारखेच असतात ना! गढूळ पाण्याची कळशी हलवली नाही, की माती आपोआप तळाशी बसते.

आता ‘वेगळं राहणं’ म्हणजे काय? १९९१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की एकाच छपराखाली राहूनही नवराबायको वेगळे असू शकतात. बघा, भिंत कुठं असते ते न्यायाधीशांनाही ठाऊक! त्याच निकालानुसार हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही एकानं ‘नको’ म्हटलं, तरी अर्ज बारगळतो.

आणि हेच सहा महिने आपल्या इतिहासात आधी एकदा येऊन गेलेत. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचं नाकारलं. १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं बजावलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पसंत केला! पुढच्या वर्षी तडजोड झाली, तुरुंग टळला, आणि त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. तेव्हा ‘नाही’ म्हणण्याची शिक्षा म्हणून सांगितलेली मुदत नव्वदेक वर्षांनी विचाराला दिलेली सवड झाली.

पण सवडीचाही जाच होतोच. म्हणून २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुभा दिली: दीड वर्ष आधीच वेगळं काढलंय, समेटाचे प्रयत्न फसलेत, पोटगीचा आणि मुलांच्या ताब्याचा प्रश्न मिटलाय, तर न्यायाधीश हे सहा महिने माफ करू शकतात. थांबून झालेल्यांना पुन्हा कशाला थांबवायचं?