अंगठा खरा, मशीन म्हणतं खोटा

पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड करणारी माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात, तेव्हा रेशन दुकानात हमखास ऐकू येतं, ‘अंगठा लागत नाही.’ हंगामभर कोयता धरून आणि पाचट ओढून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. गर्भातच, सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होणाऱ्या या रेषांचं मूळ त्वचेच्या आतल्या थरात असतं, त्यामुळे हाताला उसंत मिळाली की त्या सहसा पुन्हा उमटतात. दुकानात ठसा घेणाऱ्या ई-पॉस मशीनला तेवढा धीर नसतो.

मशीन बोट ओळखत नाही, जुळवून पाहतं. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा खुणांचा नकाशा आधार नोंदणीच्या वेळच्या नकाशाशी ताडला जातो. एकाच बोटाचे दोन ठसेही तंतोतंत सारखे येत नाहीत. म्हणून किती जुळलं की ‘हो’ म्हणायचं, याची पातळी ठरवावी लागते. ती चढवली तर खरा माणूस हात हलवत परततो, उतरवली तर तोतयाचं फावतं.

तसं ते फावलंही. २०१८ साली तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे बनवले आणि हजारो सिमकार्डं चालू केली. आधारचा सर्व्हर फोडायची त्याला गरजच पडली नाही. राबून झिजलेला अंगठा नाकारणाऱ्या तंत्राने रबराचा अंगठा मात्र मान्य केला! फेब्रुवारी २०२३मध्ये आधार प्राधिकरणाने खुणांबरोबर बोटाची प्रतिमाही ताडून बोट जिवंत आहे का, हे पाहणारी पद्धत आणली.

आधारची माहिती सुरक्षित आहे का, हे आपण दिल्लीकडे तोंड करून विचारतो. मला जास्त धास्ती वाटते ती दस्तांची आणि जागोजागी देऊन विसरलेल्या झेरॉक्सची. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण कित्येक अंगठे त्याआधीच कागदावर उमटले होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा नाही.

त्याला कुलूप मात्र घालता येतं. एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक ‘लॉक’ केलं की ठसा चालत नाही; गरजेपुरतं काही मिनिटं ते उघडता येतं. पण त्यासाठीचा ओटीपी येतो आधारला नोंदवलेल्या मोबाइलवर. बऱ्याच घरांत तो एकच असतो. तो घेऊन मुलगा तोडीवर गेला असेल, तर रेशनच्या रांगेतल्या म्हातारीने कुलूप उघडायचं कसं?