शहराचें थकलेलें देणें

ता. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्रीं शिरगणतीच्या कामगारांनीं देशभर बेघर लोकांची मोजदाद केली. एकट्या मुंबईंत पदपथांवर, पुलांखालीं, फलाटांवर व दुकानांच्या ओट्यांवर रात्र काढणारीं सत्तावन हजारांहून अधिक माणसें त्या वेळीं आढळलीं. झोपडीवाले यांत धरलेले नाहींत; ज्यांच्या डोक्यावर झोपडीचेंही छप्पर नाहीं, तेवढ्यांचाच हा हिशेब आहे. एका रात्रींत केलेली मोजणी कमीच भरावयाची, हें उघड आहे. सन २०२१ ची शिरगणती वेळेवर झाली नाहीं, म्हणून हाच आंकडा पुढें ठेवून बोलणें आम्हांस प्राप्त आहे.

हे लोक आळशी, उपटसुंभ किंवा चोर असतात, असा आमच्या पुष्कळ सुशिक्षित बंधूंचा समज आहे. तो खरा असता, तर बाजारपेठेचा व्यवहार एक दिवसही चालता ना. सकाळीं पेढीचें दार उघडण्यापूर्वीं मालाच्या गोणी उतरविणारा हमाल, हातगाडी ओढणारा गडी, लग्नकार्यांत भांडीं घासणारी बाई, रस्त्यावरचा कागद व पत्रा वेंचणारा मुलगा, यांपैकीं कित्येकांची रात्र त्याच रस्त्यावर जाते. सन १९८१ मध्यें पदपथांवरील लोकांस मुंबईबाहेर घालवून देण्याचा बेत सरकारनें केला, तेव्हां प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १० जुलै १९८५ रोजीं सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानें ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. जगण्याच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो, आणि हीं माणसें कामाच्या जवळ राहतां यावें म्हणून पदपथावर राहतात, असें न्यायालयानें मान्य केलें. परंतु पावसाळा संपल्यावर त्यांस हलविण्यास मनाईही केली नाहीं. हक्क कबूल झाला, आसरा मात्र मिळाला नाहीं. ही विसंगती अद्याप मिटलेली नाहीं.

सन २०१० मध्यें दिल्लीच्या कडाक्याच्या थंडींत हा प्रश्न पुन्हां सर्वोच्च न्यायालयापुढें आला, आणि मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागें एक बारमाही निवारा असावा, असें ठरलें. सन २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानें त्यास योजनेचें रूप दिलें: दर लाख वस्तीमागें किमान शंभर माणसांची सोय, आणि माणशीं पन्नास चौरस फूट जागा. आमच्या व्यापारी वाचकांनीं येथें थोडा हिशेब करून पाहावा. बृहन्मुंबईची वस्ती सन २०११ मध्यें एक कोटी चोवीस लाख होती. म्हणजे नियम अक्षरशः पाळला, तरी सोय होते ती बारा हजार चारशें माणसांची. पांचांत एकास आंत घ्यावयाचें व चौघांस रस्त्यावर ठेवावयाचें, असा हा नियम आहे. निदान तेवढा तरी पुरा पाळणें हें नगरपालिकेचें पहिलें कर्तव्य होय.

पण खाटा मोजून हा प्रश्न सुटणार नाहीं. बेघर माणूस म्हणजे एकाच सांच्यांतली वस्तु नव्हे. तान्हें मूल घेऊन घराबाहेर पडलेली स्त्री, पाय गमावलेला मजूर, मुलांनीं टाकलेला म्हातारा आणि मनाचा तोल गेलेला तरुण, या चौघांस एका दालनांत कोंडलें, तर चौघांपैकीं एकासही तेथें शांत झोंप लागणार नाहीं. आणि मग ‘जागा दिली तरी हे लोक रस्त्यावरच जातात’ असें म्हणण्यास आपण मोकळे होतों! परळच्या टाटा रुग्णालयाकडे पाहा. सन १९४१ मध्यें उघडलेल्या या रुग्णालयांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाचे रोगी येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात. मधल्या दिवसांत खाट मिळत नाहीं, भाड्याची खोली परवडत नाहीं, आणि रोगी नातेवाइकांसह बाहेरच्या पदपथावर पथारी टाकतो. त्याला स्वच्छ पाणी, जवळ शौचकूप व पथ्याचें अन्न मिळालें नाहीं, तर आंत दिलेलें महागडें औषध बाहेर वाया जातें.

मनोरुग्णांची स्थिति याहून बिकट आहे. सन २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें स्पष्ट सांगितलें, कीं घर नाहीं किंवा घरचे घेत नाहींत एवढ्याच कारणासाठीं कोणास रुग्णालयांत डांबून ठेवूं नये. सरकारनें अशांसाठीं आधारगृहें उभारावीं. हें अशक्य नाहीं. डॉ. भरत वाटवानी यांच्या संस्थेनें रस्त्यावरील मनोरुग्ण उचलून, कर्जत येथें उपचार करून, हजारोंस त्यांच्या गांवीं पोंचविलें. त्या कार्यास सन २०१८ मध्यें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ज्यांस आपण वेडे म्हणून टाळलें, त्यांस गांव होता, नांव होतें व वाट पाहणारी आईही होती.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला खर्चाचा. हा खर्च आपण आजही करीतच आहों. तो रुग्णालयाच्या, पोलिसांच्या व तुरुंगाच्या खातीं पडतो, म्हणून दिसत नाहीं एवढेंच. सन १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यानें निर्वाहाचें साधन नसलेल्या भटक्या माणसासही पकडून कोंडण्याची सोय केली. त्याच्या बहुतेक कलमांस दिल्लीच्या उच्च न्यायालयानें सन २०१८ मध्यें त्या शहरापुरतें घटनाबाह्य ठरविलें. उलट फिनलंड देशानें सन २००८ पासून मोठमोठ्या निवाऱ्यांचीं भाड्याचीं स्वतंत्र घरें केलीं, आधीं घर व मग उपचार असा क्रम लावला, आणि तेथील दीर्घकाळच्या बेघरांची संख्या पुष्कळ घटली.

दुसरा आक्षेप ‘निवारा व्हावा, पण आमच्या गल्लींत नको’ हा. तो सरकारचा नसून आमचा व तुमचा आहे, म्हणून अधिक लाजिरवाणा आहे. कामापासून दहा कोस दूर बांधलेला निवारा रिकामा राहतो. कारण पहाटे चार वाजतां बाजारांत हजर राहावयाचें, त्यानें तेथें झोंपावें कसें? तेव्हां निवारे बाजार, रेल्वेस्टेशनें व रुग्णालयें यांच्या जवळच हवेत. स्त्रिया, कुटुंबें, रोगी व मनोरुग्ण यांच्या जागा निराळ्या हव्यात. पांगळ्यांसाठीं पायऱ्यांऐवजीं उतार हवा. आणि दारांत ओळखपत्राची अट नको. ज्याला पत्ताच नाहीं, त्याजवळ पत्त्याचा कागद मागणें ही क्रूर थट्टा होय.

धर्मशाळा बांधणें हें आमच्या व्यापारी वर्गाचें जुनें व्रत आहे. हातीं खराटा व गाडगें घेऊन फिरणाऱ्या गाडगे महाराजांनीं लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, आळंदी, नाशिक येथें धर्मशाळा उभ्या केल्या. दादर येथें त्यांच्या नांवें चालणारी धर्मशाळा कर्करोग्यांस आसरा देते. मात्र व्यापाऱ्यांच्या दानानें नगरपालिकेची जबाबदारी फिटत नाहीं. तिनें प्रत्येक विभागांत किती बेघर, किती जागा व किती खर्च, याचा तक्ता दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं लोकांपुढें मांडावा, आणि नगरसेवकांस त्याचा जाब मतदारांनीं विचारावा. पेढीवर थकलेलें देणें सालोसाल पुढें ओढणाऱ्यास बाजारांत पत राहत नाहीं. शहराच्या खात्यावर हें देणें फार दिवस थकलें आहे, आणि तें वसूल करण्यास धनको मात्र दार ठोठावूं शकत नाहीं; कारण तो दाराबाहेरच झोंपला आहे.